तंत्रज्ञानाचा सामाजिक परिणाम कसा तपासायचा: खानदेशात काम करणाऱ्या संशोधन संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने

मूल्यमापनाचे बरेच अहवाल एकाच ठिकाणी घसरतात. किती संच वाटले, किती प्रात्यक्षिके घेतली, किती शेतकरी प्रशिक्षणाला बसले, हे आकडे भरले जातात आणि वर शीर्षक दिले जाते ‘सामाजिक परिणाम’. वाटप हा खर्चाचा हिशेब आहे. ज्या घरात तंत्रज्ञान गेले आणि ज्या घरात गेले नाही, तिथे काय बदलले, याचे उत्तर त्यात नसते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने ते उत्तर दिलेच पाहिजे, कारण पुढच्या वर्षी कोणत्या तालुक्यात काय पोचवायचे हे त्यावरून ठरते.

कृषी विज्ञान केंद्रे, कृषी संशोधन केंद्रे, विद्यापीठातील विभाग आणि त्यांच्यासाठी गावोगाव पाहणी करणारे विद्यार्थी यांच्यासाठी ही क्रमवार पद्धत लिहिली आहे. उदाहरणे जळगाव, धुळे, नंदुरबारमधली आहेत: केळी, कापूस, ठिबक, सौर पंप. क्रम मात्र कुठल्याही तंत्रज्ञानाला लागू पडतो, आणि तो बदलू नका. निम्म्याहून जास्त चुका गावात पाऊल टाकण्याआधीच झालेल्या असतात.

टप्पा १: प्रश्न कोणता, ते आधी ठरवा

एकाच मूल्यमापनात तीन वेगळे प्रश्न मिसळले जातात. ते सुटे करा.

पहिला प्रश्न: तंत्रज्ञान इथल्या जमिनीत, इथल्या हवामानात चालते का? कृषी विज्ञान केंद्राची शेतावरील चाचणी यासाठीच असते. शेतकऱ्याची नेहमीची पद्धत एका बाजूला, शिफारस केलेले तंत्र दुसऱ्या बाजूला.

दुसरा प्रश्न: लोक ते स्वतःहून घेतात का आणि टिकवतात का?

तिसरा प्रश्न: घेतल्यामुळे कोणाच्या घरात, कामात, पाण्यात, मजुरीत काय बदलले? सामाजिक परिणाम म्हणजे हा तिसरा प्रश्न.

आद्यरेषा प्रात्यक्षिकांचे (शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली शेतकऱ्याच्या शेतावर घेतलेल्या प्रात्यक्षिकांचे) आकडे पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाच्या मध्ये कुठेतरी बसतात. ते तिसऱ्याचे उत्तर म्हणून सर्रास छापले जातात, म्हणून त्यातली तीन मापे नीट समजून घ्या. समजा एखाद्या वाणाची उत्पादनक्षमता हेक्टरी ३० क्विंटल आहे, प्रात्यक्षिकात २२ आले आणि शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीत १६. तंत्रज्ञानातील तफावत ३० वजा २२ म्हणजे ८ क्विंटल. विस्तारातील तफावत २२ वजा १६ म्हणजे ६ क्विंटल. तंत्रज्ञान निर्देशांक म्हणजे ८ भागिले ३० गुणिले १००, सुमारे २६.७ टक्के. निर्देशांक मोठा असेल तर तंत्रज्ञान त्या भागाला अजून जुळलेले नाही. विस्तारातील तफावत मोठी असेल तर ते जुळते आहे, पण पोचलेले नाही. या तिन्हीपैकी एकही माप घरातल्या बदलाबद्दल काही सांगत नाही.

तंत्रज्ञान नवीन असेल तर त्याची सज्जता पातळीही लिहा. जगभर वापरली जाणारी मोजपट्टी १ ते ९ अशी आहे: १ म्हणजे मूळ तत्त्व हाती आले, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झाले. पातळी ५ किंवा ६ वरच असलेल्या, म्हणजे अजून सिद्ध न झालेल्या यंत्राचा सामाजिक परिणाम मोजायला निघू नका. अशा वेळी तुम्ही यंत्राचे दोष मोजता आणि लोकांच्या नावावर लिहिता.

*तपासणी:* एका कागदावर एकच वाक्य लिहा: ‘या मूल्यमापनावरून अमुक अधिकारी किंवा समिती अमुक निर्णय घेईल.’ वाक्य पूर्ण होत नसेल तर पाहणीचा खर्च करू नका.

टप्पा २: परिणामाची साखळी कागदावर मांडा

संच मिळाला, बसवला, चालवला, पाणी वाचले, खत मुळाशी गेले, उत्पादन वाढले, घरात पैसा आला. ठिबकची ही साखळी सगळे सांगतात. प्रत्येक कडीखाली ‘ही तुटली तर का तुटेल’ हे लिहा. नळ्या गाळाने बंद झाल्या, आम्ल प्रक्रिया झाली नाही, फिल्टर धुतला नाही, विद्राव्य खत परवडले नाही. पाहणीतले निम्मे प्रश्न इथूनच निघतात.

त्यानंतर दुसरी साखळी लिहा: ज्यांनी संच घेतला नाही त्यांच्याकडे काय जाते. हा भाग बहुतेक आराखड्यांत नसतो. ठिबकमुळे दोन ओळींमधली जमीन कोरडी राहते, तण कमी उगवते, निंदणी घटते. शेतमालकाच्या वहीत ती बचत असते. निंदणीला जाणाऱ्या बाईच्या घरात तेच मजुरीचे बुडालेले दिवस असतात. दोन्ही नोंदी अहवालात यायला हव्यात.

पाण्याचेही तसेच. एकरी पाणी वाचले म्हणजे विहिरीत पाणी राहिले असे नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो, किंवा कापूस सोडून केळीकडे वळतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण ‘पाण्याची बचत’ असे लिहायचे असेल तर एकरी पाणी पुरेसे नाही. पूर्ण विहिरीचा वर्षाचा उपसा आणि भिजलेले एकूण क्षेत्र, दोन्ही मोजावे लागतील.

टप्पा ३: मोजणीचे एकक निवडा

प्लॉट, शेत, घर, विहीर, पाडा की गाव? तंत्रज्ञानाचा परिणाम जिथपर्यंत पसरतो तेवढे एकक हवे.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) एका शेतकऱ्याने लावले आणि शेजाऱ्याने लावले नाहीत, तर पतंग बांध ओळखत नाही. एका शेताची शेजारच्या शेताशी तुलना केली तर सापळ्यांचा उपयोग शून्य दिसू शकतो, किंवा शेजाऱ्यालाही थोडा फायदा झाल्याने फरक कमी दिसतो. इथे एकक गाव असले पाहिजे: पूर्ण गावाने सापळे लावलेली काही गावे आणि न लावलेली काही गावे. प्रत्येक गावात आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे सलग तीन रात्री दर सापळ्यात दररोज ८ पतंग, कधी ओलांडली गेली याची तारीख नोंदवा. पूर्वहंगामी कापूस किती क्षेत्रावर आहे तेही लिहा. मे महिन्यात लागवड झालेला कापूस अळीला लवकर खाद्य देतो, त्यामुळे तसे क्षेत्र जास्त असलेले गाव मुळात वेगळे आहे.

सौर पंपाला दोन एकके लागतात. रात्रीचे पाणी भरणे टळले का, हा प्रश्न घराचा आहे. भूजल किती खाली गेले, हा प्रश्न विहिरींच्या समूहाचा. एकच प्रश्नावली दोन्हींना पुरणार नाही.

टप्पा ४: तुलना उभी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुलना नसेल तर बाकी सगळे काम वाया जाते.

*फक्त आधी आणि नंतर अशी तुलना का चालत नाही.* कमी पावसाच्या वर्षी पायाभूत पाहणी झाली आणि भरपूर पावसाच्या वर्षी अंतिम पाहणी, तर नाला खोलीकरणापासून बियाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट यशस्वी दिसते. विहिरींच्या पातळीबाबत ही चूक फार महागात पडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. मेची तुलना मेशी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच करा आणि शेजारी त्या महसूल मंडळाचा पाऊस ठेवा. केळीत तोच धोका हरण्या या विषाणूजन्य रोगाचा. मावा या विषाणूचा प्रसार करतो आणि ढगाळ, दमट हवेत नवी लागवड त्यात सापडते. त्या वर्षीचा टिश्यूकल्चर बाग आणि आदल्या वर्षीचा कंदाचा बाग शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

*लाभार्थी आणि बिगरलाभार्थी अशी तुलना का फसते.* दोन कारणे आहेत. पहिले, जो शेतकरी अर्ज करतो, कागद जमवतो, स्वतःचा हिस्सा भरतो, तो मुळातच पाणी, पैसा किंवा ओळख असलेला असतो. दुसरे कारण खानदेशात विशेष ठळक आहे: अनुदान न घेतलेल्याकडेही तेच तंत्रज्ञान असते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात अनुदानाच्या यादीत नाव नसलेला म्हणजे ठिबक नसलेला, असे धरून चालणे साफ चूक आहे. तिथे ‘ठिबक आहे का’ हा प्रश्नच निरुपयोगी. किती तास चालवता, खत त्यातून देता का, नळ्या किती जुन्या आहेत, हे विचारा.

*मग काय करायचे?* दोन्ही तुलना एकत्र करा: दोन गट, दोन वेळा. काल्पनिक आकडे घेऊन बघा. तंत्रज्ञान घेतलेल्या गटाचा कापूस आधी एकरी ८ क्विंटल, नंतर ११. न घेतलेल्यांचा आधी ७, नंतर ९. फक्त आधी-नंतर बघितले तर वाढ ३ क्विंटल. फक्त शेवटी दोन गट ताडून बघितले तर फरक २ क्विंटल. दोन्ही गटांतल्या बदलांतला फरक घेतला, म्हणजे ३ वजा २, तर १ क्विंटल. आकडे तेच, उत्तरे तीन. अहवालात शेवटचे उत्तर यायला हवे, आणि तेही एका अटीवर: तंत्रज्ञान येण्याआधी दोन्ही गट साधारण एकाच चालीने चालले होते. ही अट तपासायला महसूल मंडळनिहाय पीक कापणी प्रयोगांचे मागच्या काही वर्षांचे आकडे घ्या. चाल वेगळी असेल तर गट बदला.

*तुलनेचा गट कुठे शोधायचा.* प्रतीक्षायादी हा चांगला स्रोत आहे. सौर कृषी पंपासाठी अर्ज केलेले, स्वतःचा हिस्सा भरलेले, पण पंप अजून न बसलेले शेतकरी हे पंप बसलेल्यांशी इच्छा आणि ऐपत या दोन्हींत बरेच जुळतात. त्यांना आधी पंप का मिळाला आणि यांना का नाही, एवढे मात्र विचारा. उत्तर ‘पाठपुरावा केला’ असे असेल तर ती नोंद ठेवा, ‘यादीत नंबर आधी होता’ असे असेल तर तुलना भक्कम आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून जास्त जमिनीला ७.५ अश्वशक्ती, अशा मर्यादा आहेत. सव्वादोन आणि पावणेतीन एकरवाले शेतकरी एरवी सारखेच असतात, म्हणून या सीमारेषेजवळची तुलनाही कामाची. पण मोठ्या क्षेत्रवाल्याला लहान पंप घेता येतो, त्यामुळे प्रत्यक्ष बसवलेल्या पंपाची पाटी वाचूनच नोंद करा.

सावधान: तुलनेचे गाव निवडताना जमीन बघा. रावेर, यावल, चोपड्याचा तापीकाठचा गाळाचा पट्टा आणि पारोळा, साक्रीकडचा काळ्या पाषाणाचा भाग यांत पाणी साठण्याची रीतच वेगळी आहे. गाळात खोल कूपनलिका चालतात, पाषाणात उथळ विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला जातात. एका बाजूचे गाव दुसऱ्या बाजूच्या गावाशी ताडले तर तुम्ही भूगर्भ मोजला, तंत्रज्ञान नाही.

टप्पा ५: नमुना निवडताना कोण सुटते ते बघा

सातबारा किंवा ई-पीक पाहणीच्या यादीवरून नमुना काढला की काम सोपे होते आणि माणसे गळतात. जमीन वाट्याने कसणारा बटाईदार त्यात नसतो. वर्षाच्या ठरावावर राबणारा सालदार नसतो. रोजाने जाणाऱ्या बाया नसतात. अक्कलकुवा, धडगावकडे वनहक्क पट्ट्यावर शेती करणाऱ्या अनेकांचे नाव नेहमीच्या खातेदारांच्या यादीत सापडत नाही. वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, म्हणून तिथे ‘शेतकरी’ म्हणून बाईचीही मुलाखत घेता येते आणि घ्यायला हवी.

यादी अशी बनवा: आधी गावाची घरयादी ग्रामपंचायत आणि अंगणवाडी सेविकेकडून घ्या, मग गावात फिरून तपासा, मग घरांचे चार गट करा: स्वतः कसणारे, बटाईने कसणारे, सालाने राहणारे, रोजाने जाणारे. प्रत्येक गटातून चिठ्ठीने नावे काढा. सातपुड्यात एक महसुली गाव अनेक पाड्यांत विखुरलेले असते. रस्त्यालगतचा पाडा पाहिला म्हणजे गाव पाहिले असे होत नाही. पाड्यांची यादी करून त्यातूनही चिठ्ठी काढा, आणि लांबचा पाडा निघाला तर तो बदलू नका.

नमुना किती, हे विचारताना गावांची संख्या विसरली जाते. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे एका गावात जास्त मुलाखती घेऊन फारसे हाती लागत नाही. गणित सोपे आहे: १ अधिक (दर गावातील घरे वजा १) गुणिले सारखेपणाचा गुणांक, आणि येणाऱ्या उत्तराने एकूण मुलाखतींना भागायचे. हा गुणांक ०.१ धरला आणि २० गावांत २० घरे घेतली तर उत्तर २.९ येते, म्हणजे ४०० मुलाखतींची किंमत साधारण १३८ स्वतंत्र मुलाखतींएवढी. त्याच ४०० मुलाखती ४० गावांत १०-१० अशा घेतल्या तर भाजक १.९ होतो आणि किंमत २१० च्या आसपास जाते. जीपचा खर्च वाढतो, पण पैसा इथेच घालावा.

टप्पा ६: वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे लावा

आर्थिक वर्ष संपत आले की मार्चमध्ये घाईने पाहणी उरकण्याची सवय मोडा. खानदेशात वेळ चुकली की नमुनाच बदलतो.

दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरी भागातली अनेक घरे ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातकडे जातात. त्या काळात घरी सापडतात ती वयस्क माणसे किंवा ज्यांना जावे लागत नाही ती घरे. होळीला बरेच जण परततात, पण सणाच्या दिवसांत मुलाखत मागू नका, नंतरचा आठवडा धरा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी जातात, म्हणून महिलांच्या मुलाखती त्या दिवसांत ठेवू नका. सालदाराचे साल मात्र आखाजीच्या आसपासच ठरते. ‘गेल्या आखाजीला काय ठरले होते, या आखाजीला काय ठरले’ असे विचारले तर मजुरीचा आकडा नेमका मिळतो. ‘गेल्या आर्थिक वर्षात किती’ या प्रश्नाला कोणीही नीट उत्तर देऊ शकत नाही.

केळीसाठी मृगबाग आणि कांदेबाग यांची नोंद वेगळी ठेवा. जून-जुलैत लावलेला बाग आणि पावसाळा सरताना लावलेला बाग यांची कापणी, भाव आणि रोगाचा धोका वेगवेगळा असतो. खोडव्याचा, म्हणजे पहिल्या कापणीनंतर फुटव्यावर घेतलेल्या पिकाचा हिशेब पहिल्या पिकात मिसळू नका. ज्या तंत्रज्ञानाचा फायदा खोडव्यात दिसतो ते एका वर्षाच्या पाहणीत तोट्याचे दिसेल.

*तपासणी:* पायाभूत आणि अंतिम पाहणी वर्षाच्या एकाच पंधरवड्यात आहे ना? नसेल तर तारखा हलवा, विश्लेषणात दुरुस्ती करू असे म्हणून सोडू नका.

टप्पा ७: प्रश्नावली लोकांच्या मापात लिहा

कार्यालयातून प्रश्नावली हेक्टरमध्ये निघते. केळीचा शेतकरी खोडांत बोलतो: पाच हजार खोड, आठ हजार खोड. तसेच विचारा, अंतर विचारा आणि हेक्टर तुम्ही काढा. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४० च्या आसपास खोडे बसतात, यावरून सांगितलेले क्षेत्र ताडता येते. कापूस एकरी क्विंटलमध्येच विचारा.

‘उत्पन्न किती?’ असे एकत्र विचारू नका. किती क्विंटल निघाले आणि किती रुपये हातात आले, हे दोन प्रश्न आहेत. रुपये विचारताना वजनातली कपात, वाहतूक आणि कापणीची मजुरी कोणी भरली हेही लगेच विचारा. केळीचा जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव यांत अंतर असते.

‘तंत्रज्ञानाने समाधानी आहात का?’ हा प्रश्न काढून टाका. फुकट किंवा अनुदानावर मिळालेल्या वस्तूबद्दल, देणाऱ्या संस्थेच्या माणसासमोर, लोक हो म्हणतात. त्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात किती रात्री पाणी भरायला शेतात जावे लागले? संच शेवटचा कधी चालवला? बिघडला तेव्हा किती दिवस बंद होता, दुरुस्तीला माणूस कुठून आला, किती घेतले? आज हा पंप स्वतःच्या पैशाने घ्यायचा झाला तर किती रक्कम द्याल?

भाषा ही इथे नुसती सौजन्याची बाब नाही. साक्री, शिंदखेड्याला अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. छापील मराठी प्रश्नावली प्रत्येक विचारणारा आपापल्या मनाने बोलीत फिरवतो आणि दहा जणांचे दहा प्रश्न होतात. प्रत्येक बोलीतला प्रश्न आधीच ठरवून लिहून ठेवा. दुसऱ्या माणसाकडून तो पुन्हा मराठीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडा.

कच्ची प्रश्नावली नमुन्यात नसलेल्या गावात वापरून बघा. पाऊण तासाच्या वर मुलाखत गेली तर प्रश्न कापा.

टप्पा ८: परवानगी आणि संमती

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे नंदुरबारचा मोठा भाग, धुळ्यात साक्री-शिरपूरकडचा आणि जळगावात चोपडा, यावल, रावेरकडचा काही भाग, सरपंचाची सही पुरेशी धरू नका. ग्रामसभेत जाऊन सांगा: काय विचारणार, किती घरे, माहिती कोणाकडे जाणार, निकाल कधी परत आणणार. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिथे जा.

घरोघरी तोंडी समजावून संमती घ्या. ‘नाही’ म्हटले तर योजनेवर काही परिणाम होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि खरेच होणार नाही याची खात्री करा. म्हणजेच लाभार्थी निवडणारा कर्मचारी मुलाखत घेणारा नसावा. आधार क्रमांक मागू नका, त्याची गरजच नसते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. नाव आणि मोबाइल क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

सावधान: मुलाखतीच्या वेळी संच पुरवणारा विक्रेता, पुढारी किंवा संस्थेचा अधिकारी शेजारी बसलेला असेल तर मुलाखत थांबवा आणि दुसऱ्या दिवशी या. बायांशी बाईनेच बोलावे, आणि घरातल्या पुरुषाने त्यांच्या वतीने दिलेले उत्तर बाईचे म्हणून लिहू नये.

टप्पा ९: शेतात काम चालू असताना

सांगितलेले आणि पाहिलेले वेगळ्या रकान्यात लिहा. ठिबक आहे असे सांगितले, मग शेतात जा: नळ्या पसरलेल्या आहेत की गुंडाळून झाडाखाली? फिल्टर जोडलेला आहे का? पंपाची पॅनेल धुतलेली आहेत का? टिश्यूकल्चरची रोपे घेतली असतील तर पावती आणि रोपवाटिकेचे प्रमाणन विचारा. विषाणू तपासणी झालेली रोपे आणि तशीच आणलेली रोपे एका गटात टाकली तर तंत्रज्ञानाचा निकाल रोपवाटिकेच्या चुकीवर ठरेल.

रोज संध्याकाळी भरलेल्या प्रश्नावल्या वाचा. दहातल्या एका घरी पर्यवेक्षकाने पुन्हा जाऊन चार-पाच प्रश्न परत विचारावेत. उत्तरे जुळली नाहीत तर त्या माणसाच्या सगळ्या मुलाखती तपासा. बंद घर सापडले तर तीनदा वेगवेगळ्या वेळी जा, मगच राखीव यादीतले घर घ्या, आणि बंद का होते ते शेजाऱ्याकडून लिहून घ्या. स्थलांतर, आजारपण आणि लग्न ही तीन वेगळी कारणे आहेत.

टप्पा १०: हिशेब

अनुदान हा समाजाचा फायदा नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. शेतकऱ्याचा नफा काढताना तो त्याच्या बाजूने धरा, पण तंत्रज्ञान एकूण परवडते का हे बघताना पूर्ण किंमत धरा. ठिबकवर राज्याच्या पूरक मदतीसह लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. फक्त उरलेल्या २० टक्क्यांवर हिशेब केला तर जवळपास काहीही फायद्याचेच दिसेल.

घरच्यांचे श्रम शून्य धरू नका. कृषी खर्च आणि मूल्य आयोगाच्या पद्धतीत रोखीचा खर्च, त्यात घरच्यांचे श्रम मिळवून येणारा खर्च, आणि जमीन-भांडवलाचा मोबदला धरून येणारा सर्वंकष खर्च असे स्तर आहेत. किमान पहिले दोन दाखवा. तिथेच बायांच्या श्रमाचा बदल डोळ्यांपुढे येतो.

सरासरी एकटी छापू नका. पाच एकरांवरचे, अडीच एकरांखालचे, बटाईदार आणि मजूर यांचे निकाल वेगळे द्या. सरासरीत वाढ आणि तळाच्या गटात घट, असे चित्र निघाले तर ते पहिल्या पानावर आले पाहिजे. पहिल्या पाहणीत भेटलेली आणि दुसऱ्या वेळी न सापडलेली घरे कोणत्या गटातली होती तेही सांगा. ती बहुतेक स्थलांतरित असतील तर तुमचा निकाल गाव सोडून न जाणाऱ्यांचा आहे, तसेच लिहा.

फरक दिसला नाही तरी अहवाल द्या. ‘परिणाम आढळला नाही’ आणि ‘नमुना लहान असल्याने सांगता येत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, त्यातले कोणते लागू होते ते ठरवून लिहा.

टप्पा ११: निकाल आधी गावात न्या

अहवालाचा मसुदा वर पाठवण्याआधी नमुन्यातल्या किमान काही गावांत वाचून दाखवा. ‘या गावात निंदणीचे दिवस कमी झाले असे आम्हाला दिसते’ असे म्हटल्यावर कोणीतरी सांगते की तणनाशकामुळे झाले, ठिबकमुळे नव्हे. ही दुरुस्ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही. गावाने घेतलेला आक्षेप आणि त्यावर तुम्ही काय केले, हे अहवालात वेगळ्या भागात छापा.

गावासाठी दोन पानांचा मराठी गोषवारा करा. त्यात आकडे एकरात आणि खोडांत द्या, संस्थेतल्या एका माणसाचे पद आणि भेटण्याची वेळ द्या. नावे काढून टाकलेली माहिती आणि प्रश्नावली संस्थेत अशी ठेवा की तीन वर्षांनी दुसरा गट त्याच घरांत जाऊ शकेल. ठिबकच्या नळ्या, पंपाची पॅनेल, दुरुस्तीचा माणूस, यांची खरी परीक्षा हमीचा काळ संपल्यावर होते. त्या फेरीचा प्रवासखर्च आणि मुलाखतकारांचे मानधन पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर टाका.